चौसष्ट पायऱ्या

मार्च संपत आला की आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा उरत नाही. एका कोपऱ्यात सुकं गवत, दुसऱ्या कोपऱ्यात रिकाम्या पेट्यांची चळत आणि मधे झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला आंबा. बाबा पाटावर बसतात, एकेक फळ तळहातावर तोलतात आणि बाजूला लावतात. वजनकाटा शेजारीच असतो, पण पन्नास वर्षं आंबा भरलेल्या माणसाला तो क्वचितच लागतो. ज्या पेटीत पाच डझन मावतात ती पाच डझनी, सहा मावतात ती सहा डझनी. पेटी तीच, फळ जितकं मोठं तितके डझन कमी. डागी फळ वेगळं, बारीक वेगळं, आणि जे कशातच बसत नाही ते किलोवर कॅनिंगला.

मी त्याच पडवीत, दाराजवळच्या खांबाला टेकून लिहिते. आमच्या घरात मोबाइलची रेंज त्या एका खांबापाशी येते. देवगड तालुक्यातल्या कातळावरच्या घरांत ही काही नवलाची गोष्ट नाही. २०१५ मध्ये पुणं सोडून गावी आल्यापासून ब्लॉगवर जे काही लिहिलं, ते या खांबाला पाठ लावून लिहिलं. पैसे घेऊन लिहिलेले लेखही इथेच लिहिले, आणि आज लिहायचंय ते त्यांच्याविषयी.

ब्लॉग सुरू केला २०१२ मध्ये, पुण्यात भाड्याच्या खोलीत. गावची आठवण यायची म्हणून लिहायचे. तवसळी कशी करतात, खापरोळीचं पीठ किती आंबवायचं, कुणकेश्वरच्या यात्रेत हरवले होते ती रात्र, दशावतारातला संकासुर बघून लहानपणी आईच्या पदरात तोंड लपवायचे ते. वाचणारे हळूहळू जमले. मुंबईत जन्मलेली पण आजोळ मालवणात असलेली माणसं होती, सांगली-कोल्हापूरकडची समुद्र न पाहिलेली माणसं होती. पत्रं यायची. कुणी घावण्याचं प्रमाण विचारायचं, कुणी बाबांची तब्येत. पैशाचा विचार तेव्हा मनात नव्हता.

तो आला मे २०२१ मध्ये. हंगामातला शेवटचा आंबा झाडावर होता. टाळेबंदीने आधीच वाशीच्या बाजारातला दर पडलेला, त्यात तौक्ते वादळ आलं. रात्रभर वारा नळीत फुंकल्यासारखा घोंगावत होता आणि मधूनमधून कलम मोडल्याचा आवाज. सकाळी बाबा बागेत गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. मी बघायला गेले तर ते एका आडव्या पडलेल्या कलमाच्या खोडावर बसले होते. आजोबांनी लावलेलं ते झाड. खाली हिरव्या आंब्यांचा सडा. तशी अकरा कलमं गेली. नवीन कलम लावलं तर त्याचं खरं उत्पन्न हाती यायला किती वर्षं लागतात, हा हिशोब त्या दिवशी कुणी बोलून दाखवला नाही.

पंधरा दिवसांनी वीज आली, लॅपटॉप सुरू झाला, आणि ईमेलच्या पेटीत एका जाहिरात एजन्सीचं पत्र होतं. तुमच्या ब्लॉगवर आमच्या ग्राहकासाठी लेख लिहाल का, मानधन अडीच हजार. अशी पत्रं आधीही यायची, मी उत्तर देत नसे. त्या दिवशी दिलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. पैसे घेऊन लिहिण्यात मला तेव्हा कमीपणा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. आपल्याकडे लेखणीचे पैसे म्हटलं की लोक जरा चुळबुळतात. पण कीर्तनकाराला बिदागी मिळते, दशावतारी रात्रभर नाचतो तो मानधनावरच. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि आजचे अंक तर जाहिरातींच्या पानांवरच उभे असतात. त्याने कथेला उणेपणा येत नाही, कारण कथा कुठे संपली आणि सोन्याच्या दुकानाची जाहिरात कुठे सुरू झाली हे वाचणाऱ्याला दिसतं. आमच्याकडे भजनाची डबल बारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, असते किंवा जत्रेत नाटक असतं तेव्हा कुणी खूश होऊन बक्षीस दिलं, की भर कार्यक्रमात माइकवरून नाव पुकारतात: अमक्या वाडीतल्या अमक्यांकडून पाचशे एक रुपये. सगळ्या गावाला ऐकू जातं. त्यानंतर बुवा त्या माणसाचं कौतुक करणारी दोन पदं जास्त गायले तरी कुणाची फसवणूक होत नाही. पैसे कुणी दिले, हे आधीच पुकारून झालेलं असतं.

मी पुकारलं नाही. माझी चूक तिथे आहे, आणि ती मी एकदम केली नाही, थोडीथोडी केली.

हा धंदा चालतो कसा, हे मला कुणी समजावून दिलं नव्हतं. सुरुवातीला वाटायचं, कंपनीला माझे वाचक हवे असतील. पहिल्या दहा पत्रांतली सहा रमी आणि सट्ट्याची होती, दोन झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची. एका पत्रात म्हटलं होतं, लेख कोणत्याही विषयावर लिहा, सोलकढीवर लिहिलात तरी चालेल, फक्त त्यातल्या या दोन शब्दांवर आमची लिंक लावा. सोलकढीच्या लेखात कर्जाची लिंक कशाला, हे मला कळेना. मग हळूहळू कळलं. एखाद्या जुन्या, बऱ्या ब्लॉगने कुणाची लिंक दिली की गूगलसारखं शोधयंत्र ती शिफारस समजतं आणि त्या दुकानाला यादीत वर ढकलतं. म्हणजे त्यांना माझा वाचकही नको होता आणि माझा लेखही नको होता. दहा वर्षं नियमाने लिहून त्या जागेला जी पत आली होती, ती त्यांना भाड्याने हवी होती.

शोधयंत्रांना हे माहीत असतं. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर तशी खूण करावी असा गूगलचा नियम आहे. २००५ पासून त्यासाठी ‘नोफॉलो’ ही खूण होती, सप्टेंबर २०१९ पासून ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी आली. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, पानाच्या कोडमध्ये असते. खूण असली की ती लिंक शिफारस म्हणून मोजली जात नाही. खूण न करणाऱ्याचं पान यादीत खाली जाऊ शकतं. २००९ मध्ये जपानमधल्या गूगलच्या प्रचारासाठी ब्लॉगलेखकांना पैसे दिले गेल्याचं उघड झालं, तेव्हा गूगलने स्वतःच्याच जपानी पानाचा दर्जा उतरवला होता. एवढं असूनही येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पत्रात अट असते: ‘डू-फॉलो’ लिंक हवी. म्हणजे खूण नको. खूण केली तर दोन हजार, नाही केली तर पाच. मधल्या त्या तीन हजारांत काय विकलं जातंय, याचा मी पहिलं वर्षभर विचारच केला नाही. रमी आणि कर्जाला मात्र पहिल्यापासून नकार दिला. गावात दोन घरं मोबाइलवरच्या त्या खेळापायी कशी बसली ते डोळ्यांनी बघितलं होतं.

बाकीचं घेत गेले. खोबरेल तेल, प्रवासाच्या बॅगा, एक मिक्सर. पैसे साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवसांनी यायचे, कधी १० टक्के टीडीएस कापून, कधी तीन आठवणपत्रं लिहिल्यावर. पण यायचे. पहिल्या अडीच हजारांतून पडलेली कलमं तोडून उचलायची मजुरी दिली. त्या पैशाने घराला आधार झाला, हे मी विसरलेले नाही.

मग नोव्हेंबर आला. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं, डोंगराच्या कुशीत बांधलेलं एक रिसॉर्ट. लेखाचे साडेचार हजार. एजन्सीने फोटो पाठवले आणि मुद्दे पाठवले: समुद्र अगदी पायरीशी, घरगुती मालवणी जेवण, निवांत, ज्येष्ठांसाठी सोयीचं. तुम्हाला जायची गरज नाही, चार दिवसांत लेख द्या. बागेत मोहर फुटायला लागला होता, फवारणी करणाऱ्यांचे पैसे द्यायचे होते.

मी लेख लिहिला, आणि तो चांगला उतरला. याचंच मला जास्त वाईट वाटतं. समुद्र मला पाठ आहे. पहाटे ओहोटीला वाळूवर कुर्ल्या कशा तिरक्या धावतात, दुपारी सुरूच्या बनातून वारा कसा येतो, वडे तळताना धण्याचा वास कुठपर्यंत जातो, हे लिहायला मला कुठे जावं लागत नाही. मी माझ्या आईची सोलकढी उचलली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कोकम किती वेळ भिजत घालायचं, नारळाचं पहिलं दूध वेगळं का ठेवायचं, लसूण ठेचताना ती काय म्हणायची, सगळं तिथे गेलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, लिहिलं: ‘स्पॉन्सर्ड पोस्ट’.

जानेवारीत पत्र आलं. लिहिणाऱ्या बाई सांगलीकडच्या, निवृत्त शिक्षिका, २०१३ पासून माझं वाचत होत्या. शिक्षिकांसारखंच नेटकं पत्र, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. त्यांच्या आईचं वय एक्याऐंशी. आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पाय भिजवायचे, एवढीच इच्छा. माझा लेख वाचून त्यांनी दोन रात्रींचं आगाऊ आरक्षण केलं, भाड्याची गाडी केली, घाट उतरून आल्या. खोल्या वर, समुद्र खाली, आणि मधे पायऱ्या. आई सातव्या पायरीवर बसली आणि म्हणाली, मला इथूनच दिसतोय, पुरे. दोन दिवस त्या दोघी वरच्या कठड्यापाशी खुर्च्या टाकून बसल्या. पत्रात तक्रारीचा एक शब्द नव्हता. जेवणाबद्दल चांगलंच लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं: ‘तुम्ही तिथे राहिलात तेव्हा खाली जायची दुसरी वाट होती का? आम्ही विचारायला हवं होतं, पण तुमचा लेख वाचला होता म्हणून विचारलं नाही.’

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. तुमचा लेख वाचला होता म्हणून विचारलं नाही.

रात्री बाबांना सांगितलं. ते अंथरुणावर बसून पायांना तेल लावत होते. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले,

“तू थंय जावन रवलंस काय गो?”

“नाय.”

“मगे लिवलंस कसां?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी लेख दाखव म्हटलं. मोबाइल दूर धरून, बोटाने पान सरकवत सगळा वाचला. सोलकढीशी थोडे थांबले, बोलले काही नाहीत. शेवटी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्या काय?”

“स्पॉन्सर्ड.”

“म्हंजे?”

“पैशे घेवन लिवलंय म्हणान.”

“मगे तसां लिव ना. वर लिव. मराठीत लिव.”

पुढच्या रविवारी एसटीने तिथे गेले. आपण कोण ते सांगितलं नाही, चहा मागवला आणि पायऱ्या उतरले. जांभ्या दगडाच्या, ओबडधोबड, काही ठिकाणी गुडघ्याइतकी उंच. डाव्या हाताला कठडा, उजव्या हाताला काहीच नाही, झाडीत उघडा उतार. पावसाळ्यातलं शेवाळ सुकून काळं पडलेलं. मी उतरताना मोजल्या आणि चढताना परत मोजल्या. चौसष्ट. सातव्या पायरीवर थांबले. तिथून समुद्र खरोखरच दिसतो, लाटेचा आवाजही येतो. खारं पाणी मात्र सत्तावन्न पायऱ्या खाली.

मग व्यवस्थापकाला भेटून ओळख सांगितली. भला माणूस होता. म्हणाला, पायऱ्यांचं आम्ही एजन्सीला कळवलं होतं, फोटोसुद्धा पाठवला होता. म्हणजे खोटं कुणी एकाने बोललं नव्हतं. त्याने सांगितलेलं एजन्सीने गाळलं, एजन्सीने दिलेलं मी सजवलं, आणि तीन हातांतून जाताना त्या चौसष्ट पायऱ्या नाहीशा झाल्या. त्या साखळीत जाऊन बघणं शक्य असलेली आणि ज्यांच्यासाठी लिहिते त्यांना ओळखणारी, अशी मी एकटीच होते.

घरी येऊन लेखात सगळ्यात वर दोन ओळी घातल्या: हा लेख पैसे घेऊन, त्या जागी न राहता लिहिला होता, समुद्रावर जायला ६४ उंच पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आणि वृद्धांनी हे लक्षात घ्यावं. दुसऱ्या दिवशी एजन्सीचं पत्र. करारानुसार लेख बारा महिने जसाच्या तसा ठेवायचा होता, बदल काढा नाहीतर रक्कम परत करा. साडेचार हजार परत केले. सोलकढीचा परिच्छेदही काढला. तो मी परत कुठेच वापरलेला नाही.

बाईंना फोन केला. खरं ते सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “असू दे. आईला आवडलं तिथे.” थोडा वेळ दोघीही गप्प होतो. “मला वाटलं होतं तुम्ही तिथे जेवलात,” एवढंच पुढे म्हणाल्या. त्यानंतर त्यांचं पत्र आलेलं नाही.

कायदा मी नंतर वाचला, आणि वाचताना पुन्हा पुन्हा बाबांचा आवाज ऐकू येत होता. जाहिरात क्षेत्रानेच १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ‘ॲस्की’ या मानक परिषदेने १४ जून २०२१ पासून नियम लागू केले होते. म्हणजे मी पहिला लेख लिहीत होते तेव्हाच. पैसे, भेटवस्तू, फुकट मुक्काम, काहीही घेतलं असेल तर ते पटकन दिसेल असं लिहावं, खाली दडवू नये. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत म्हटलंय की शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक हवं, आणि ते त्या वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं. थंय रवलंस काय, हेच ते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदी, नंतरच्या चुकीला तीन वर्षांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आणखी सोपं करून सांगितलं: खुलासा ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत करा. मराठीत लिव. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला किंवा तिच्या मुलीला ‘स्पॉन्सर्ड’ या शब्दाने काय कळणार होतं? मी तो शब्द ठेवला होता तो कळू नये म्हणूनच, हे आता कबूल करायला हवं. ‘जाहिरात’ हा चांगला चार अक्षरी शब्द माझ्या कळफलकावर होता.

कराचंही त्याच सुमारास नीट समजून घेतलं. १ जुलै २०२२ पासून फुकट मुक्काम किंवा वस्तू म्हणून मिळालेला लाभही एकाकडून वर्षाला २० हजारांच्या वर गेला तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा असतो. म्हणजे आयकर खातं ज्याला उत्पन्न मानतं, त्याला आम्ही लिहिणारे ‘त्यांनी प्रेमाने बोलावलं होतं’ म्हणत होतो.

त्या वर्षी आंबा भरताना बाबांशी बोलणं झालं ते साक्यावरून. हापूसची ही जुनी खोड. फळ बाहेरून सोन्यासारखं, देठाजवळ वास, कुठे डाग नाही, आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. उन्हाने तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते आणि झाडावरच जास्त तयार होऊ दिलं की साका वाढतो. म्हणून बाबा कलमाखाली गवत पसरतात, आंबा पूर्ण पिकायची वाट न बघता उतरवतात, तेही सकाळच्या थंड वेळी. तरी एखाद्या फळात निघतोच.

“साको भायरसून दिसणा नाय,” बाबा म्हणाले. “तां काय आपल्या हातात नाय. पण डागी आंबो डागी म्हणान इकलो तर लाज नाय.”

जी पेटी थेट घरी जाते तिच्यात ते एक चिठ्ठी टाकतात, स्वतःच्या अक्षरात: कापल्यावर साका निघाल्यास कळवावे, पुढील पेटीत तितकी फळे जास्त देऊ. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकणं काही थांबलं नाही, आणि त्याचा राग बाबांच्या मनात कायम असतो. मी मात्र त्या दिवशी त्या चिठ्ठीकडेच बघत होते. एवढी वर्षं ती माझ्यासमोर पेटीत जात होती, आणि मी खांबाला टेकून दुसऱ्याच्या पेटीवर सुंदर अक्षरांत नाव घालून देत होते, पेटी न उघडता.

तेव्हापासून मी तीन गोष्टी आधी लिहून कळवते. ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याखाली पहिल्या ओळीत येईल. लिंकवर खूण असेल. जिथे मी गेले नाही, जे वापरलं नाही, त्यावर लिहिणार नाही. पहिल्या वर्षी माझी मिळकत लाखाच्या जवळ होती, ती अडतीस हजारांवर आली. बहुतेक एजन्सींचं उत्तरच येत नाही. अडतीस हजारांत बागेची एका फेरीची फवारणीही पुरती होत नाही, हे मला माहीत आहे, आणि ज्या लिहिणाऱ्यांचं घर यावरच चालतं त्यांच्याकडे बोट दाखवायला मी हे लिहीत नाही. लाखातले साठ हजार सोडणं मला जमलं, कारण पाठीशी बाबांची बाग होती, मोडकी असली तरी.

चौथी अट एका मुलीने घालायला लावली. बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आमच्याच तालुक्यातलं. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन असतो. इथल्या एका शाळेत त्या निमित्ताने मला बोलावलं होतं. मी लिहिणं, कमाई, ‘जाहिरात’ हा शब्द वर लिहिणं, सगळं सांगितलं. आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “पैसे घेतल्यावर वाईट लिहिता येतं काय?”

मी लगेच हो म्हटलं. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी वाजवल्या. परत येताना रिक्षात बसून मी माझे सगळे जाहिरातीचे लेख आठवत होते. एकातही वाईट म्हणता येईल असं वाक्य नव्हतं. बॅगेची चेन अडकायची, ते मी लिहिलं नव्हतं. मिक्सरचा आवाज मोठा होता, तेही नाही. मी त्या मुलीला खोटं सांगितलं होतं, आणि तेही जांभेकरांच्या तसबिरीसमोर.

आता पत्रात चौथी ओळ असते: जे आवडलं नाही तेही लिहीन, लेख छापण्याआधी मंजुरीला पाठवणार नाही. गेल्या वर्षभरात अठरा जणांना ती पाठवली. तिघांनी हो म्हटलं.

त्यातलं तिसरं पत्र म्हणजे पत्र नव्हतंच. शेजारच्या वाडीतल्या सहा बायकांनी मिळून काजू फोडायचं काम सुरू केलंय, त्यांच्यातली एक घरी येऊन उभी राहिली. आमच्या काजूबद्दल लिव, हजार रुपये देतों. मी म्हटलं, आधी बसते तुमच्याबरोबर, मग लिहिते. तीन दिवस बसले. पायाने दाबायच्या कटरवर बी ठेवायची, पाय दाबायचा, टरफल उलगडायचं आणि सुईने गर अख्खा काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला खोबरेल फासतात, तरी त्यांच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी काळी पडून सोललेली असते. पहिल्या दिवशी माझे पंधरातले नऊ गर तुटले. त्यांचा शंभरात एखादा. अख्ख्याला भाव, दोन फाका झाल्या की पाकळी, त्याहून बारीक तो तुकडा. भाव उतरत जातो, चव तीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. मंजुरीसाठी नव्हे, चूक राहू नये म्हणून. पहिलीच ओळ: जाहिरात. या लेखासाठी मी १,००० रुपये घेतले आहेत. एकमेकींकडे बघून त्यांनी माना हलवल्या. बोटांच्या कातडीचं आलं तेव्हा एकीने हात पदराखाली घेतला, मग काढला आणि म्हणाली, ऱ्हवांदे. अख्ख्या काजूचा भाव वाचला तशी कोपऱ्यात टरफलं भरणारी सगळ्यात वयस्कर बाई बोलली,

“तुकडो स्वस्त पडता, तां पण लिव गो. शिऱ्यात घालूक अख्खो कित्याक होयो? आणि पावसात घेव नकात म्हणान सांग. मऊ पडता. आमचो पण पडता.”

मी तिथेच, पोत्यावर बसून, तिची वाक्यं ‘जाहिरात’च्या ओळीखाली घेतली.